तापला की मऊ : एक अपुरे वाक्य

माध्यमिक शाळेत धातूंचा पाठ येतो तेव्हा वर्धनीयता आणि तन्यता यांच्या व्याख्या होतात, तांबे, अॅल्युमिनियम, लोखंड अशी उदाहरणे येतात आणि शिक्षकांचे एक वाक्य ठरलेले असते: धातू तापवला की मऊ होतो. वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. हे गुण धातूवर कायमचा शिक्का असल्यासारखे शिकवले जातात, हा या पाठावरचा मुख्य आक्षेप.

नाशिकच्या द्वारका चौकातून जुन्या गावाकडे गेले की तांब्या-पितळेच्या भांड्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय भेटतो. तांबट पत्रा ठोकत जातो तसतसा पत्रा कडक होतो. आणखी ठोकला तर चीर पडते. म्हणून तो मध्येच भट्टीत लाल करून घ्यायचा आणि मग पुन्हा ठोकायचा. तांबे तेच, पण वर्धनीयता दर टप्प्याला वेगळी!

असे का होते? धातूच्या स्फटिकात अणूंच्या रांगा काही ठिकाणी चुकलेल्या असतात. हे दोष सरकतात म्हणून धातू वाकतो. ठोकल्याने दोष वाढतात, एकमेकांत अडकतात. उष्णतेने हा गुंता सुटतो. शिवाय तापलेल्या अणूंची थरथर दोषांना अडथळे ओलांडायला मदत करते. लोहार लाल लोखंडावर घण घालतो तो याच बळावर.

पण घाव अतिशय वेगवान असेल तर? डाउडिंग आणि शू या अमेरिकी संशोधकांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लेसरच्या साहाय्याने सूक्ष्म कण धातूवर आदळवले. तांब्याचे तापमान सुमारे १५७ अंश सेल्सिअसने वाढवले, तेव्हा त्याचे बळ घटण्याऐवजी सुमारे ३० टक्क्यांनी वाढले! इतक्या वेगात सरकणाऱ्या दोषांना अणूंची थरथर मदत करत नाही, उलट घर्षणासारखी मागे ओढते. तापमान जास्त, तर थरथर जास्त आणि ओढही जास्त. घणाचा वेग याच्या आसपासही पोचत नाही, म्हणून लोहाराचा अनुभव खोटा ठरत नाही.

‘तापवला की तुटत नाही’ हेही गृहीत धरू नये. पोलादात गंधक जास्त असेल तर स्फटिककणांच्या सीमांवर लोह सल्फाइड साचते. ते लोखंडासह सुमारे ९८८ अंशांना वितळते आणि लाल पोलाद घणाखाली तडकते. यासाठीच पोलादात मँगनीज घालतात. ते गंधकाला आपल्याकडे बांधून घेते.

हा सारा तपशील शाळेच्या पाठात नको. वाक्य मात्र पुरे करावे: किती तापमानाला, किती वेगाने, धातू किती शुद्ध? वर्गात तांब्याची तार एकाच जागी वाकवून सरळ करायला द्यावी. ती कडक होते आणि शेवटी तुटते. दुसरी तार कडक झाल्यावर शिक्षकांनी चिमट्यात धरून ज्योतीत लाल करावी, गार झाल्यावर पुन्हा वाकवायला द्यावी. व्याख्या त्यानंतर सांगितली तरी चालेल.