समाजमाध्यमांतील आरोग्यविपणन आणि ‘रुग्णसहभाग’ : एका संकल्पनेची चिकित्सा

वाणिज्य आणि व्यवस्थापन विद्याशाखांतील लघुशोधप्रबंधांमध्ये आरोग्यसेवेचे विपणन हा विषय अलीकडे वारंवार आढळतो. शहरातील दोन-तीन रुग्णालये निवडायची, त्यांच्या फेसबुक व इन्स्टाग्राम पानांवरील प्रतिसाद मोजायचा, शंभर-दीडशे व्यक्तींकडून प्रश्नावली भरून घ्यायची आणि समाजमाध्यमांच्या वापरामुळे रुग्णसहभाग वाढतो असा निष्कर्ष काढायचा, अशी या अभ्यासांची सर्वसाधारण चौकट असते. प्रस्तुत लेखात या चौकटीतील एकाच शब्दाची चिकित्सा करावयाची आहे. तो शब्द म्हणजे ‘सहभाग’.

वैद्यकाच्या परिभाषेत रुग्णाचा सहभाग म्हणजे आपला आजार समजून घेणे, उपचारांच्या पर्यायांविषयी प्रश्न विचारणे, निर्णयात वाटेकरी होणे आणि प्रसंगी उपचार नाकारणे. विपणनाच्या परिभाषेत सहभाग म्हणजे लाइक, शेअर, अभिप्राय आणि पानावर घालविलेला वेळ. दोन्ही अर्थांसाठी एकच शब्द रूढ झाल्यामुळे दुसऱ्याचे मोजमाप करून पहिला सिद्ध झाल्याचे सांगता येते. या सरमिसळीतून रुग्णालयांना प्रसिद्धी मिळते आणि संशोधकाला निष्कर्ष मिळतो. रुग्णाला काय मिळते, हा प्रश्न मात्र प्रश्नावलीत नसतो.

आरोग्यसेवा ही इतर सेवांसारखी विकण्याची वस्तू का नाही, याचे विवेचन केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्ये वैद्यकीय सेवेच्या अर्थशास्त्रावर लिहिलेल्या सुप्रसिद्ध निबंधात केले आहे. आजार केव्हा येईल हे अनिश्चित, उपचाराने गुण येईल की नाही हेही अनिश्चित, आणि विकणाऱ्याला जे कळते ते घेणाऱ्याला कळत नाही. म्हणूनच समाज वैद्याकडून व्यापाऱ्यापेक्षा निराळ्या वर्तनाची अपेक्षा करतो, आणि डॉक्टरांमध्ये जाहिरातबाजी जवळजवळ नसणे हा त्या अपेक्षेचाच भाग होय, असे ॲरो यांचे प्रतिपादन आहे. साबण पसंत पडला नाही तर पुढच्या महिन्यात दुसरा आणता येतो. पित्ताशय काढून टाकल्यावर ते काढण्याची गरज होती की नव्हती, हे रुग्णाला अनुभवानेही कळत नाही. ग्राहकवर्तनाची प्रमेये रुग्णाला जशीच्या तशी लावणाऱ्या आपल्याकडील अभ्यासांत या निबंधाचा उल्लेखही नसावा, हे आश्चर्यकारक आहे.

भारतातील नियमनाचा पाया हाच आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक वर्तन व नीतिमत्ताविषयक विनियमांनुसार प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे रुग्णांना आपल्याकडे ओढणे अनैतिक ठरते. वृत्तपत्रांतून निवेदन देण्याची मुभा मोजक्याच प्रसंगी आहे : व्यवसायास प्रारंभ, व्यवसायाच्या स्वरूपातील बदल, पत्त्यातील बदल, काही काळ अनुपस्थिती, पुनरारंभ, दुसऱ्याचा व्यवसाय पुढे चालविणे आणि शुल्काची जाहीर घोषणा. दवाखान्याची पाटी अवाजवी मोठी असू नये, इथपर्यंत हे विनियम तपशिलात जातात. सार्वजनिक आरोग्याविषयी लेखन करण्यास किंवा आकाशवाणी, दूरचित्रवाणी, एवढेच काय इंटरनेटवरील गप्पांतून बोलण्यास ते डॉक्टरांना आडकाठी करीत नाहीत. त्यातून स्वतःची जाहिरात होऊ नये, एवढीच अट घालतात. फेसबुकचा जन्म २००४ चा, यूट्यूबचा २००५ चा. तरीही माहिती देणे आणि गिऱ्हाईक ओढणे यांतील भेद २००२ च्या या मजकुरात स्पष्टपणे केलेला आहे. ‘कायदा जुना आहे, माध्यम नवे आहे’ हा युक्तिवाद त्यामुळे फारसा टिकत नाही. खरी पळवाट निराळी आहे. परिषदेचे शिस्तभंगाचे अधिकार नोंदणीकृत डॉक्टरवर चालतात. रुग्णालय नावाच्या कंपनीची नोंदणी परिषदेकडे नसते. डॉक्टरने स्वतःच्या नावाने जे करू नये, ते रुग्णालयाचा विपणन विभाग त्याच डॉक्टरचे छायाचित्र लावून बिनदिक्कत करतो.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी प्रसिद्ध केलेल्या नव्या विनियमांत समाजमाध्यमांविषयी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे होती. रुग्णांची प्रशस्तिपर मनोगते मागू वा प्रसारित करू नयेत, बऱ्या झालेल्या रुग्णांची छायाचित्रे आणि शस्त्रक्रियांची नेत्रदीपक चित्रणे दाखवू नयेत, लाइक व अनुयायी विकत घेऊ नयेत, शोधयंत्रात आपले नाव वर यावे म्हणून पैसे मोजू नयेत, असे त्यांत म्हटले होते. परंतु या विनियमांतील जेनेरिक नावाने औषधे लिहिण्याच्या सक्तीवरून आणि औषध कंपन्यांच्या प्रायोजकत्वावरील बंधनांवरून वादळ उठले आणि २३ ऑगस्ट रोजी संपूर्ण विनियमच स्थगित करण्यात येऊन २००२ चे पुन्हा लागू झाले. समाजमाध्यमांविषयीच्या तरतुदींवर म्हणावी तशी चर्चा झालीच नाही. औषधांच्या भांडणात त्या फुकट गेल्या.

या तरतुदींपैकी मनोगतांविषयीची तरतूद सर्वांत महत्त्वाची होती. कारण आजच्या आरोग्यविपणनाचा कणा म्हणजे कृतज्ञ रुग्णाचे मनोगत. त्याचा साचा वाचकांच्या परिचयाचा आहे. घरी सोडण्याचा दिवस, हातात पुष्पगुच्छ, शेजारी डॉक्टर, मागे रुग्णालयाचे बोधचिन्ह, आणि ‘डॉक्टर देवासारखे धावून आले’ हे वाक्य. रुग्णाची भावना खरी असते, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शंका आहे ती त्या भावनेच्या वापराविषयी. पहिली गोष्ट अशी की, मनोगत देण्यासाठी रुग्ण वाचावा लागतो आणि बरा व्हावा लागतो. ज्यांना गुण आला नाही, ज्यांनी कर्ज काढून बिल भरले, जे दगावले, त्यांची चित्रफीत निघत नाही. अशा शंभर मनोगतांवरूनही त्या रुग्णालयातील यशाचे प्रमाण कळत नाही. पाहणाऱ्याला मात्र ते कळल्यासारखे वाटते.

दुसरा मुद्दा संमतीचा. बिलाचा हिशेब, विम्याची कागदपत्रे, डिस्चार्ज कार्ड यांच्या गठ्ठ्यात चित्रणाच्या संमतीचाही कागद असतो. टाके काढायला आठ दिवसांनी पुन्हा याच डॉक्टरांकडे यावयाचे आहे, हे ठाऊक असलेल्या माणसाची ही सही मुक्त मानावी काय? २००२ च्या विनियमांत ओळख पटेल अशा रीतीने रुग्णाचे छायाचित्र प्रसिद्ध करण्यास त्याच्या अनुमतीची अट आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने तर संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, असे तत्त्व घातले. कागदावर हे उत्तमच आहे. पण वंध्यत्वावरील उपचारांविषयी एखाद्या जोडप्याने आनंदाच्या भरात बोललेले चार शब्द गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोहोचल्यावर ते कोणाकडून आणि कसे मागे घ्यायचे? मानसिक आजार, क्षयरोग, कर्करोग यांबाबत हा प्रश्न अधिक बोचरा होतो. आपल्याकडे आजार एका व्यक्तीचा राहत नाही. सोयरीक जुळविताना तो साऱ्या घराचा होतो.

प्रशस्ती आणि औषधविषयक माहिती यांची सीमा राखणे अशक्य आहे, असेही म्हणवत नाही. २०१५ मध्ये किम कार्दाशियन यांनी गरोदरपणातील मळमळीवरील डिक्लेजिस या औषधाची स्तुती इन्स्टाग्रामवर केली, तेव्हा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने उत्पादक कंपनीला इशारापत्र धाडले. मजकुरात औषधाच्या जोखमींचा उल्लेख नाही आणि नुसता दुवा दिल्याने ती उणीव भरून निघत नाही, अशी भूमिका प्रशासनाने घेतली. दुरुस्तीचा मजकूर प्रसिद्ध करावा लागला. येथे जबाबदार धरले गेले ते ज्याच्या लाभासाठी बोलले गेले त्याला.

रुग्णांचा खरा सहभाग समाजमाध्यमांतून घडूच शकत नाही, असा मात्र याचा अर्थ नाही. स्टीफन हेवूड या तरुणाला १९९८ मध्ये एएलएस या मज्जासंस्थेच्या असाध्य आजाराचे निदान झाले. त्याच्या भावांनी २००४ मध्ये स्थापलेल्या ‘पेशंट्सलाइकमी’ या जाळ्यावर रुग्ण आपली लक्षणे, औषधे व दुष्परिणाम एकमेकांसाठी नोंदवू लागले. लिथियममुळे हा आजार मंदावतो, असे एका लहानशा इटालियन अभ्यासात २००८ मध्ये सुचविले गेले, तेव्हा अनेकांनी ते स्वतःहून घेण्यास प्रारंभ केला. त्यांच्या नोंदींचे विश्लेषण २०११ मध्ये ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त प्रसिद्ध झाले. निष्कर्ष होता : उपयोग नाही. रुग्णांनी एकत्र येऊन आपल्याच आशेचा पडताळा घेतला आणि नकारार्थी उत्तर जाहीर होऊ दिले, हे कोणत्याही विपणन विभागाला परवडणारे नाही. अर्थात हेही जाळे बाजाराबाहेर नव्हते. रुग्णांनी दिलेली माहिती औषध कंपन्यांना विकणे हेच त्याच्या उत्पन्नाचे साधन होते आणि २०१९ मध्ये ते युनायटेडहेल्थ या विमा क्षेत्रातील बलाढ्य समूहाने विकत घेतले.

आपल्याकडे करोनाच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल-मे २०२१ मध्ये, खाटा, प्राणवायू आणि रेमडेसिव्हिर यांसाठी ट्विटर आणि व्हॉट्सॲपवरून जी हाकाटी झाली, तीही याच जातीची. नागरिकांच्या अशा तक्रारी दडपल्यास तो न्यायालयाचा अवमान समजला जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल रोजी बजावले होते. त्या संदेशांत रुग्णालयांची स्तुती नव्हती. कोठे खाट आहे आणि कोठे नाही, एवढेच होते.

या पार्श्वभूमीवर रुग्णालयांच्या पानांवर काय नसते, हे पाहणे उद्बोधक ठरते. २००२ च्या विनियमांनी ज्या मोजक्या घोषणांना मुभा दिली, त्यांत शुल्काची घोषणा आहे. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ मध्ये झालेल्या सुधारणांनी तर दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. यंत्रमानवी शस्त्रक्रिया, योगदिन, डॉक्टरांचे वाढदिवस यांनी भरलेल्या पानांवर ही दोन कागदपत्रे क्वचितच दृष्टीस पडतात. जे सांगण्याची मुभा व सक्ती आहे तेवढे वगळून, ज्याला मनाई आहे ते बहुतेक सारे तेथे सापडते.

आता पुन्हा आपल्या प्रश्नावल्यांकडे. त्यांतील नमुना बहुधा रुग्णालयाच्या पानाच्या अनुयायांतून किंवा बाह्यरुग्ण विभागात बसलेल्यांतून, व्यवस्थापनाच्या परवानगीने निवडलेला असतो. ‘या पानावरील माहिती आपणांस उपयुक्त वाटते काय?’ असे विचारले जाते. ‘शस्त्रक्रियेपूर्वी दुसरा पर्याय आपणांस सांगितला गेला काय?’, ‘दरपत्रक आपण पाहिले काय?’, ‘आपल्या अभिप्रायातील प्रतिकूल मजकूर पानावर राहिला काय?’ हे विचारले जात नाही. आणि बिल न परवडल्याने उपचार अर्धवट सोडून गेलेला रुग्ण तर या नमुन्यात येतच नाही, कारण त्या दिवशी तो बाह्यरुग्ण विभागात नसतो.