आरंभकालीन ख्रिस्ती इतिहास आणि घरातील बालक्रीडा

ख्रिस्तपुराणाच्या आरंभीचा प्रसंग अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. सासष्टीच्या देवळात मुलांना धर्मतत्त्वांचे पाठ दिले जात असता एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीपुढे मागणी मांडतो की, पूर्वीची पुराणे सुटली, तर त्यांच्या जागी दुसरे काही पुराण असावे. फादर थॉमस स्टीफन्स यांचा १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेला ओवीबद्ध मराठी ग्रंथ हे ह्या मागणीचे उत्तर होय. त्यांचीच प्रश्नोत्तररूप 'दौत्रिना क्रिस्तां' त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ मध्ये, कोकणीत निघाली. पाठांतराने सिद्धान्त कळतो, परंतु कथेवाचून तो मनात रुजत नाही, ही जाणीव ह्या दोन ग्रंथांच्या जोडीत दिसते.

पाठांतर आणि कथा ह्यांपलीकडचा तिसरा मार्ग म्हणजे घरातील कल्पनाक्रीडा. तिचे सामर्थ्य मराठी वाचकास नव्याने सांगावयास नको. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला रचणाऱ्या मुलाला माची, बुरूज, तट हे शब्द पाठ्यपुस्तकापूर्वी हातांनी कळतात. तथापि ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या तीन शतकांचा इतिहास खेळातून शिकवताना जो प्रकार सर्वाधिक रूढ झाला, तो परीक्षणास फारसा उतरत नाही. दिवे मालवावयाचे, चादरीखाली भुयार करावयाचे, मुलांनी तेथे लपून माशाची खूण काढावयाची आणि एकाने रोमन शिपाई होऊन त्यांना शोधावयाचे, असा तो लपंडाव असतो.

ह्यातील पहिला दोष ऐतिहासिक आहे. रोमची भुयारे ही मुख्यतः दफनभूमी होती. तेथे मृतांचे स्मरण होई. परंतु ती ख्रिस्ती लोकांची गुप्त वस्तिस्थाने होती, ही कल्पना संशोधनाने मागे टाकली आहे. दुसरा दोष अधिक सूक्ष्म असून तो भाषेचा आहे. मराठी ख्रिस्ती परंपरेत धर्मासाठी प्राण देणाऱ्यास 'रक्तसाक्षी' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही 'साक्षीदार' असाच आहे. 'हुतात्मा' ह्या शब्दात आहुतीची कल्पना प्रधान आहे, तर 'रक्तसाक्षी'त बोलण्याची. जो लपतो तो साक्ष देत नाही. म्हणजे ज्या शब्दाचा अर्थ मुलाला उलगडावयाचा, त्याच्या नेमकी उलट कृती हा खेळ त्याच्याकडून करवून घेतो.

ह्याहून चांगले साधन इतिहासातच उपलब्ध आहे. इसवी सन ११२ च्या सुमारास बिथिनिया-पोंतसचा अधिकारी धाकटा प्लिनी ह्याने सम्राट त्राजानास लिहिलेले पत्र हे ते साधन. ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाटेपूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने गीत म्हणतात, चोरी न करण्याची व ठेव न बुडविण्याची शपथ घेतात आणि पुढे साधेच अन्न एकत्र खातात, असे तो कळवितो. त्यांना शोधून काढू नये आणि निनावी तक्रारी स्वीकारू नयेत, असे सम्राट उत्तरतो; मात्र आरोप सिद्ध झाल्यास शिक्षा करावी, हेही त्याच पत्रात आहे. प्लिनीने दोन सेविकांचा छळ केल्याचे त्याने स्वतःच नोंदविले आहे. तो तपशील लहान मुलांसमोर मांडण्याचे कारण नाही.

इंदापूर तालुक्यातील कळससारख्या गावी हे नाट्य मांडण्यास परके साहित्य लागत नाही. कार्तिकातील काकड्यामुळे पहाटे जमून गाणे म्हणजे काय, हे मूल जाणते. अंगतपंगत त्यास ठाऊक असते. 'मंडळी' हा तर मराठी बायबलातील आणि बोलीतील समान शब्द. एका मुलाने अधिकारी व्हावे, दुसऱ्याने साक्षीदार, तिसऱ्याने पत्र नेणारा जासूद. आणि मग भूमिकांची अदलाबदल करावी. अधिकाऱ्याची भूमिका करताना 'ह्यांचा अपराध कोणता?' हा प्रश्न मुलास स्वतःच्या तोंडाने विचारावा लागतो. इतिहासाच्या शिक्षणाचा आरंभ त्या प्रश्नात आहे.

ही अदलाबदल केवळ गमतीची बाब नव्हे. गावात मोजकीच ख्रिस्ती घरे असतील, तर नेहमी लपणाऱ्याच्या भूमिकेत वाढलेले मूल शेजाऱ्यांत शिपाई शोधू लागण्याचा धोका आहे. म्हणून खेळ छळापाशी थांबू नये. ३१३ मध्ये कॉन्स्टंटाइन व लिसिनियस यांनी ख्रिस्ती धर्मास मोकळीक दिली; ३८० मध्ये थिओडोसियसच्या काळी तो साम्राज्याचा अधिकृत धर्म ठरला आणि पुढे इतरांच्या पूजेवर निर्बंध आले. कालचा साक्षीदार आज न्यायासनावर बसतो, हा अखेरचा प्रवेश मुलांनी केला नाही, तर त्यांना अर्धाच इतिहास कळतो. हा प्रवेश खेळून झाल्यावर मात्र 'साक्ष' हा शब्द स्वतःच्या समूहालाही लागू पडतो, हे त्यांच्या ध्यानात येईल.