धुळ्याचा आग्रा रस्ता : ग्याझेटियरमधील हकीकतीचें परीक्षण

नवें धुळें क्याप्टन जॉन ब्रिग्ज यानें वसविलें व आग्रा रस्ता हा त्या वसाहतीचा कणा होय, एवढें सांगितलें कीं धुळ्याचा इतिहास संपला, असें मानण्याचा प्रघात आहे. या समजुतीचें मूळ १८८० सालीं प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या ग्याझेटियरच्या खानदेश-खंडांत सांपडतें. हा ग्रंथ परिश्रमपूर्वक सिद्ध केलेला आहे, यांत शंका नाहीं. परंतु त्यांतील निष्कर्ष त्यांतीलच माहितीशीं ताडून पाहिल्यास मेळ बसत नाहीं, हें दाखविण्याचा येथें उद्देश आहे.

ब्रिग्जचें श्रेय प्रथम मान्य केलें पाहिजे. १८१९ च्या जानेवारींत त्यानें कचेऱ्या बांधण्याची मंजुरी मिळविली, दुरून कारागीर आणविले, आणि २,७०० पौंड खर्चून इमारती उठविल्या. घरांसाठीं जागा कायमच्या बिनसाऱ्यानें दिल्या, व जुन्या रहिवाशांस आणि नवागतांस सारख्याच आगाऊ रकमा दिल्या. सरळ आंखणीच्या पेठा हें त्याच धोरणाचें फळ होय.

आतां आंकडे पाहूं. १८१९ त धुळ्यांत ४०१ घरें व २,५०९ माणसें होतीं. १८७२ त २,६२० घरें व १२,४८९ माणसें झालीं. म्हणजे घरें साडेसहा पट वाढलीं, माणसें पांच पट. दर घरीं सहाहून अधिक असलेलीं माणसें पांचांच्या आंत आलीं. जागा व रकमा देण्याच्या धोरणाशीं हें जुळतें. पण ग्याझेटियरकार १८१९ चा आंकडा हा जणूं गांवाचा आरंभ असें धरून चालतो, आणि येथेंच त्याचा दोष आहे. १८०३ च्या भयंकर दुष्काळानें धुळें ओस पडलें होतें, हें तोच ग्रंथ सांगतो. पुढल्याच वर्षीं विंचूरकरांचे आश्रित बाळाजी बळवंत यांनीं तें पुन्हां वसविलें, त्याबद्दल इनाम जमीन मिळविली, आणि १८१८ पर्यंत तेथूनच लळिंग व सोनगीर परगण्यांचा कारभार पाहिला. तेव्हां ब्रिग्जला मिळालेलें गांव हें पंधरा वर्षांपूर्वीं ओसाडींतून उठविलेलें होतें.

रस्त्याच्या दिशेचाही विचार केला पाहिजे. लळिंगचा किल्ला धुळ्याच्या दक्षिणेस सुमारें ६ मैल व सोनगीरचा उत्तरेस सुमारें १२ मैल; दोन्ही मुंबई-आग्रा मार्गाच्या कडेस. हे दोन परगणे एका हातीं असून त्यांचें ठाणें मधोमध धुळ्यास असावें, हा केवळ योगायोग मानवत नाहीं. दक्षिणोत्तर वाटेचें महत्त्व मराठी अंमलदारांनीं ओळखलें होतें, असें अनुमान यावरून निघतें. ब्रिग्जनें वसाहतीस शिस्त दिली. ठिकाणाची निवड त्याच्या आधींच झालेली होती.

तिसरा पुरावा पाण्याचा. बागाइतीनें वेढलेलें, पाट व नदी यांच्यामध्यें कोंडलेलें लहानसें गांव, असें वर्णन स्वतः ब्रिग्जनेंच केलें आहे. पिंपळनेराकडून येणाऱ्या पांझरेच्या कांठीं बंधारे, पाट व फड यांची व्यवस्था कशी चालते, हें ज्यास ठाऊक आहे त्यास या वर्णनाचा अर्थ सांगावयास नको. पाट दरवर्षीं उपसावा लागतो, पाळ्या ठरवाव्या लागतात, पाटकरी नेमावा लागतो. हीं कामें संघटित गांवावांचून होत नाहींत. ज्यास इंग्रज अधिकाऱ्यानें अडचण म्हणून नोंदलें, तेंच जुन्या धुळ्याचें बळ होतें.

हा वाद केवळ श्रेयाच्या वांटणीचा नव्हे. एका अधिकाऱ्याच्या नांवें शहराचा जन्म लावला कीं जुन्या धुळ्यांतील वांकडे बोळ व साधीं घरें इतिहासाबाहेर पडतात, आणि त्यांच्याविषयींचे कागद जपण्याची निकडही कोणास वाटत नाहीं. ग्याझेटियर हा शोधाचा आरंभ आहे, शेवट नव्हे. आग्रा रस्त्याचा इतिहास लिहूं इच्छिणारानें १८१९ पासून नव्हे, १८०४ पासून लेखणी उचलावी, हेंच युक्त होय.