जागल्याचं बलुतं

इंग्रजीतल्या 'व्हिसल ब्लोअर'साठी आपली वर्तमानपत्रं एक जुना गावगाड्यातला शब्द वापरतात: जागल्या. रात्री गावाची राखण करणारा, चोर आला तर हाळी देणारा माणूस. शब्द चांगलाच आहे. पण तो उचलताना आपण त्याच्याबरोबरची एक गोष्ट मागे टाकली. जागल्याला गावाकडून धान्याच्या रूपानं हक्क मिळत असे. हाळी देणं त्याचं काम, आणि त्याला पोसणं गावाचं काम. गावगाडा जातीच्या पायावर उभा होता, त्याचं गुणगान आम्हाला करायचं नाही. पण जो आपल्यासाठी जागतो त्याचं आपण काहीतरी देणं लागतो, एवढं तरी त्या व्यवस्थेला कळत होतं. आपल्याला ते कळतं का, हा आजचा प्रश्न.

आपली सवय अशी की कुणी कागद पुढे आणला की आपण कागद वाचत नाही, माणूस वाचतो. हा कुणाचा? याला बढती मिळाली नव्हती का? याच्या मागे कोण आहे? तर्कशास्त्रात हा फार जुना दोष आहे. बोलणाऱ्याचा हेतू वाईट असला म्हणून त्याचं विधान खोटं ठरत नाही. आणि तो साधुपुरुष आहे म्हणून खरंही ठरत नाही, बरं का. ही दुसरी बाजू आपण हटकून विसरतो.

म्हणून आधी १८८२ साल घेऊ. 'केसरी' सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींना वेडे ठरवून त्यांचा छळ चालला आहे, आणि त्यात कारभारी बर्वे यांचा हात आहे, असं सांगणारी पत्रं टिळक-आगरकरांच्या हाती आली. त्यांनी ती खरी मानली, लिहिलं, छापलं. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. पत्रं बनावट निघाली. दोघांनाही शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. या प्रकरणाकडे आपण फक्त त्यागाची कथा म्हणून पाहतो. पण पुढचं ऐका. १८८३च्या डिसेंबरात अहमदनगरला, पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर ते छत्रपती वारले. म्हणजे महाराजांची काळजी वाटावी अशी परिस्थिती खरीच होती, आणि पुरावा मात्र खोटा होता. खोट्या पुराव्यानं बर्व्यांवर अन्याय झाला, तसंच ज्यांच्यासाठी लढायचं त्या महाराजांची बाजूही दुबळी झाली. पत्रकारानं कागद तपासणं हे म्हणूनच पीडिताशी असलेलं कर्तव्य आहे.

आता सहा वर्षं पुढे या. १८८८. ऑर्थर क्रॉफर्ड हे मुंबई इलाख्यातले बडे कमिशनर. लाच घेऊन बदल्या-बढत्या करतात, असा बोभाटा झाला. पण पुरावा द्यायचा कुणी? ज्यांनी पैसे मोजले होते त्या मामलेदारांनीच. सरकारनं त्यांना सांगितलं, खरं बोला, तुम्हाला अभय आहे. त्यांनी साक्षी दिल्या. चौकशी आयोगानं क्रॉफर्ड यांना लाचखोरीच्या आरोपांतून मोकळं केलं, हाताखालच्या मुलखात कर्ज काढल्याचा ठपका ठेवला, आणि त्यांची नोकरी गेली. मग विलायतेत ओरड सुरू झाली की लाच दिल्याचं कबूल करणारे मामलेदार अजून न्यायासनावर कसे? आणि दिलेलं अभय पातळ होऊ लागलं. काही मामलेदारांना पदावरून काढण्यात आलं. १८८९ साली पुण्यात सभा झाली, त्यात टिळकांनी या मामलेदारांची बाजू मांडली.

यात गंमत बघा. ते मामलेदार काही संत नव्हते, त्यांनी लाच दिलीच होती. तरी टिळकांचा मुद्दा बिनतोड होता: सरकारनं शब्द दिला होता. सरकारनं शब्द मोडला तर उद्या दुसरा कुणी तोंड उघडणार नाही. अभय हा बोलणाऱ्याच्या चारित्र्याचा पुरस्कार नसतो, तो पुढच्या बोलणाऱ्याशी केलेला करार असतो. हे १८८९ साली पुण्यात जाहीर सभेत सांगितलं गेलं, आणि आपण आजही तिथंच घुटमळतो आहोत.

आता आपल्या पाण्याकडे येऊ. २०१२ साली जलसंपदा खात्यातले मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी सरकारला पत्र लिहिलं. प्रकल्पांच्या किमती फुगवल्या, कामं निकृष्ट झाली, उपसा सिंचन योजना बंद पडल्या, असं त्यांचं म्हणणं. त्याच वर्षीच्या आर्थिक पाहणीतून एक आकडा बाहेर आला होता: दहा वर्षांत सिंचनाखालच्या क्षेत्राचं प्रमाण जेमतेम ०.१ टक्क्यानं वाढलं. सप्टेंबरात उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी आरोप नाकारत राजीनामा दिला, डिसेंबरात ते परत आले. मधे श्वेतपत्रिका आली, पुढे माधवराव चितळे यांची समिती आली. २०१९ साली लाचलुचपत प्रतिबंधक विभागानं विदर्भातल्या प्रकल्पांबाबत नागपूर खंडपीठाला सांगितलं की पवारांवर फौजदारी जबाबदारी येत नाही.

त्या काळातल्या वृत्तपत्रांवर आमचा आक्षेप असा आहे: त्यांनी माणसं मोजली, पाणी मोजलं नाही. कोण जाणार, कोण येणार, याचेच मथळे. खरा वाद दोन शब्दांचा होता. 'सिंचनक्षमता' आणि 'सिंचित क्षेत्र'. ॲरिस्टॉटलनं संभाव्य आणि प्रत्यक्ष यांत फरक केला, तोच हा. धरण बांधलं, कालवा आखला, की क्षमता कागदावर निर्माण होते. शेत भिजतं ते वेगळंच. एक बाजू क्षमतेचा आकडा सांगत होती, दुसरी भिजलेल्या शेताचा. हा फरक समजावून सांगणं हे पत्रकाराचं काम होतं. बदनापूरच्या माणसाला तो समजावा लागत नाही म्हणा. २०१२-१३च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळल्या, तेव्हा त्या क्षमतेवर कुणी जगवू शकलं नाही. पण पांढऱ्यांच्या पत्रातल्या प्रत्येक योजनेचं पुढे काय झालं, हे वाचकाला ओळीनं सांगितलं गेलं का? मंत्री दोषी की निर्दोष, हा एक प्रश्न. पाणी कुठं गेलं, हा दुसरा. पहिला मिटला म्हणून दुसरा मिटत नाही.

कायद्याचंही तसंच. महामार्गाच्या कामातला गैरव्यवहार पंतप्रधान कार्यालयाला कळवणारे अभियंता सत्येंद्र दुबे यांनी नाव गुप्त ठेवायला सांगितलं होतं. नाव फुटलं, २००३ साली गयेत त्यांचा खून झाला. २०१० साली तळेगाव दाभाड्यात जमीन व्यवहारांची माहिती काढणारे सतीश शेट्टी मारले गेले. २०१४ साली जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेनं केला, राष्ट्रपतींची सहीही झाली, पण तो अंमलात काही आणला नाही. पुन्हा तेच: क्षमता आहे, सिंचन नाही.

शेवटी तालुक्याबद्दल. तालुक्याच्या वार्ताहराला पगार नाममात्र, किंवा नाहीच. त्याची कमाई जाहिरातींच्या कमिशनवर. जाहिरात देणार कोण? वाढदिवसाच्या शुभेच्छा छापणारे पुढारी, बँका, कारखाने, कंत्राटदार. ज्यांच्यावर नजर ठेवायची त्यांच्याच दारात त्यानं बिल घेऊन उभं राहायचं. त्याला भेकड म्हणून चालणार नाही. आपण त्याचं बलुतं बंद केलं आणि हाळी मात्र मागतो आहोत.

इथल्या कृषी संशोधन केंद्रानं 'बीडीएन ७११' ही तूर दिली. ती पेरण्यापूर्वी शास्त्रज्ञाची जात, पक्ष, हेतू कुणी विचारला नाही. वाणाची चाचणी झाली, उतारा पाहिला, मग पेरा वाढला. हजेरीपटावरची खोटी नावं दाखवणारा एखादा पोरगा उद्या ग्रामसभेत उभा राहील. त्याचा कागद असाच तपासा. खोटा निघाला तर तसं स्पष्ट सांगा. खरा निघाला, तर सभा संपल्यावर त्याला एकट्यानं घरी जाऊ देऊ नका.