हमीद दलवाई यांची नागरी भूमिका आणि प्रतिनिधित्वाचा प्रश्न : एक चिकित्सक पुनर्वाचन

प्रस्तावना

महाराष्ट्रातील प्रबोधनाच्या इतिहासात धर्मचिकित्सेची परंपरा लोकहितवादी, महात्मा फुले, आगरकर यांच्यापासून सांगितली जाते. या परंपरेत मुस्लिम समाजाची आतून चिकित्सा करणारे प्रमुख नाव म्हणजे हमीद दलवाई (१९३२-१९७७) होय. चिपळूणजवळील मिरजोळी या गावी जन्मलेले, राष्ट्र सेवा दलाच्या व समाजवादी चळवळीच्या संस्कारात वाढलेले दलवाई कथाकार, कादंबरीकार, पत्रकार आणि संघटक अशा अनेक नात्यांनी परिचित आहेत. त्यांच्याविषयीचे लेखन मात्र बहुधा दोन टोकांना विभागलेले दिसते. एका बाजूस निखळ गौरव आहे, तर दुसऱ्या बाजूस 'हा आपल्या समाजाचा प्रतिनिधीच नव्हे' असा निषेध आहे. दलवाई काय बोलले यावर दोन्ही पक्ष वाद घालतात. ते कोणाच्या वतीने बोलले, हा मूलभूत प्रश्न त्यामुळे बाजूला पडतो. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न केंद्रस्थानी ठेवून दलवाईंच्या भूमिकेचे सामर्थ्य व मर्यादा तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

कादंबरीकार आणि निबंधकार

'लाट' हा कथासंग्रह आणि 'इंधन' (१९६५) ही कादंबरी या दलवाईंच्या महत्त्वाच्या ललितकृती होत. 'इंधन'चा निवेदक दीर्घ काळानंतर आजारपणामुळे कोकणातील आपल्या गावी परततो. तो गावचा आहे आणि तरीही गावाला परका झालेला आहे. ना मुसलमानांची बाजू मांडण्याचे काम त्याच्याकडे आहे, ना हिंदूंची. माणसांमधील जमिनीचे, जातीचे व स्त्रीपुरुष संबंधांचे ताण हळूहळू धार्मिक वैराचे रूप कसे घेतात, हे तो पाहतो. या कादंबरीत 'मुस्लिम समाज' नावाची एकजिनसी वस्तू कोठेही आढळत नाही. आढळतात ती परस्परांशी भांडणारी, एकमेकांना सांभाळून घेणारी, लोभी आणि हतबल माणसे.

'राष्ट्रीय एकात्मता आणि भारतीय मुसलमान' व 'इस्लामचे भारतीय चित्र' या वैचारिक लेखनात मात्र चित्र बदलते. तेथे विवेचनाचा कर्ता माणूस नसून मुस्लिम मानस, मुस्लिम नेतृत्व, मुस्लिम राजकारण अशा समूहवाचक संकल्पना होतात. मुस्लिम समाजात आत्मटीकेची परंपरा रुजली नाही, नेतृत्वाने समाजाला आधुनिक नागरिकत्वापासून दूर ठेवले आणि निधर्मी म्हणविणाऱ्या पक्षांनी या नेतृत्वाशी तडजोड केली, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा आहे. त्यातील नैतिक धैर्य नाकारता येत नाही. तथापि, कादंबरीकार दलवाईंना जे वैविध्य दिसले, ते निबंधकार दलवाईंच्या हातून बऱ्याच अंशी निसटले, असे म्हणावे लागते. दलवाईंच्या समूहवाचक विधानांना सर्वांत समर्थ उत्तर त्यांच्याच कादंबरीत आहे.

येथे आणखी एक बाब नोंदविणे आवश्यक आहे. दलवाईंनी मुस्लिम जातीयवादाइतकीच हिंदू जातीयवादावरही टीका केली. निकोप निधर्मी राष्ट्रासाठी दोन्ही समाजांत उदारमतवादी वर्ग उभा राहिला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्यामुळे त्यांच्या लेखनाचा अर्धाच भाग उद्धृत करून तो मुस्लिमद्वेषाच्या समर्थनार्थ वापरणे हे वाचन नसून विपर्यास आहे. त्याचबरोबर हा विपर्यास होतो म्हणून त्यांचे लेखन अभ्यासक्रमाबाहेर ठेवणे हाही त्याच विपर्यासाला दिलेला कौल ठरतो.

१८ एप्रिल १९६६ : पीडितांचा स्वतःचा आवाज

दलवाईंच्या सार्वजनिक कार्यातील सर्वांत बोलकी घटना म्हणजे १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत विधिमंडळावर गेलेला सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा होय. तोंडी तलाक व बहुपत्नीत्व बंद करावे आणि समान नागरी कायदा करावा, या मागण्या त्यात होत्या. संख्येच्या हिशेबाने हा मोर्चा नगण्य होता. प्रतिनिधित्वाच्या दृष्टीने मात्र तो क्रांतिकारक होता. कारण ज्यांच्यावर अन्याय होतो त्या स्त्रिया येथे कोणाच्याही मध्यस्थीवाचून शासनापुढे उभ्या राहिल्या. कौल देणारा धर्मपंडित, मते मिळविणारा पुढारी आणि समाजाच्या नावे निवेदन काढणारी संघटना या तिघांनाही वगळून 'मी या देशाची नागरिक आहे' एवढाच आधार त्यांनी घेतला.

पुढे २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना झाली. हे नाव निवडताना दलवाईंनी आपली नाळ इस्लामी सुधारणेच्या परंपरेऐवजी फुले यांच्या १८७३ च्या सत्यशोधक समाजाशी जोडली. मंडळाचे एक बिनीचे कार्यकर्ते सय्यदभाई यांची या कार्यातील प्रेरणा सगी बहीण तलाकपीडित झाल्याच्या वेदनेतून आलेली होती, ही गोष्टही येथे अर्थपूर्ण ठरते. याउलट १९७२ च्या मुंबईतील अधिवेशनातून व १९७३ च्या हैदराबाद येथील स्थापनेतून पुढे आलेल्या अखिल भारतीय मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने संपूर्ण समाजाच्या वतीने बोलण्याचा दावा केला. शासनासाठी असा एकमुखी दावा नेहमीच सोयीचा असतो. १९८५ च्या शहाबानो निकालानंतर १९८६ चा कायदा ज्या तत्परतेने झाला, त्यात ही सोय स्पष्ट दिसून आली. निकाल एका पोटगी मागणाऱ्या वृद्ध स्त्रीचा होता. ऐकले गेले ते मात्र तिच्या नावाने बोलणाऱ्यांचे.

सात स्त्रियांच्या मोर्चानंतर ५१ वर्षांनी, २२ ऑगस्ट २०१७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने शायराबानो खटल्यात एका दमात दिलेला तिहेरी तलाक तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने रद्द ठरविला. या लढ्यात पीडित स्त्रिया स्वतः याचिकाकर्त्या होत्या. २००७ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाने कुराण आणि संविधान या दोन्हींचा आधार घेतला. दलवाई धर्मश्रद्धेच्या बाहेर उभे राहून बोलत होते. या स्त्रिया श्रद्धेच्या आत राहून त्याच मागणीपर्यंत पोहोचल्या. पुढे २०१९ च्या कायद्याने तलाक देणाऱ्या पतीस तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद केली, तेव्हा महिला आंदोलनाने कायद्याचे स्वागत केले, तर मुंबईतील बेबाक कलेक्टिव्हसारख्या गटाने फौजदारी शिक्षेला विरोध केला. हा मतभेद दुबळेपणाचे लक्षण मानण्याचे कारण नाही. 'समाजाचा एकच आवाज' ही समजूत मोडल्याची ती खूण आहे.

समाजसंरचनेचा विसर

दलवाईंच्या मांडणीची दुसरी मर्यादा सोलापूरचे राज्यशास्त्राचे प्राध्यापक फकरुद्दीन बेन्नूर यांच्या लेखनाच्या प्रकाशात स्पष्ट होते. 'भारतीय मुसलमानांची मानसिकता आणि समाजसंरचना' या त्यांच्या ग्रंथाचे शीर्षकच सूचक आहे. मानसिकता समाजसंरचनेपासून तोडून समजत नाही. महाराष्ट्रातील बहुसंख्य मुसलमान हे विणकर, पिंजारी, बागवान, अत्तार, खाटीक अशा कारागीर व व्यवसायी जातींतून आलेले आहेत. जालन्याचे शब्बीर अन्सारी यांनी उभारलेल्या मुस्लिम ओबीसी चळवळीने धोरणाचा प्रश्न याच पायावर मांडला. समाज म्हणून सवलत मागण्याऐवजी मागासलेपण म्हणून न्याय मागणे, हा त्यातील महत्त्वाचा बदल होता.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने आणि २००८ मध्ये नेमलेल्या महमूदुर्रहमान अभ्यासगटाच्या २०१३ च्या अहवालाने शिक्षण, रोजगार व पतपुरवठ्यातील मागासलेपण शासनाच्याच कागदावर आणले. जुलै २०१४ मध्ये महाराष्ट्र शासनाने अध्यादेशाद्वारे मुस्लिमांतील मागास घटकांना पाच टक्के आरक्षण दिले. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नोकरीतील आरक्षणाला स्थगिती देऊन शिक्षणातील आरक्षण चालू ठेवण्यास मुभा दिली. तरीही अध्यादेशाचे कायद्यात रूपांतर झाले नाही आणि तो व्यपगत झाला. तलाकच्या प्रश्नावर तत्पर असणारी राज्यसंस्था शिक्षणाच्या प्रश्नावर मौन धरते, ही विसंगती दलवाईंच्या चौकटीत पुरेशी मावत नाही.

अतिरेकवाद : नागरी विवेकाचे दोन निकष

आपल्या समाजातील अतिरेकाला पहिला विरोध आपणच केला पाहिजे, ही दलवाईंची धारणा आजही ग्राह्य आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये देवबंद येथे भरलेल्या उलेमांच्या परिषदेने दहशतवाद इस्लामविरोधी असल्याचे जाहीर केले. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मुंबईतील जामा मशीद ट्रस्टने मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना आपल्या कब्रस्तानात दफनासाठी जागा नाकारली. दफन नाकारणे ही धार्मिक संस्थेच्या दृष्टीने सर्वांत कठोर कृती होय. धार्मिक संस्था नागरी भूमिका घेऊच शकत नाहीत, असा निष्कर्ष दलवाईंच्या लेखनातून कोणी काढत असेल तर या घटनेने तो दुरुस्त करावा लागतो.

परंतु हा केवळ एक निकष झाला. दुसरा निकष निर्दोषांच्या रक्षणाचा आहे. ८ सप्टेंबर २००६ रोजी मालेगाव येथे झालेल्या स्फोटांत बळी पडलेले बहुसंख्य मुसलमान होते आणि आरोपी म्हणून प्रथम पकडले गेलेलेही मुसलमान तरुणच होते. २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या रेल्वे स्फोट खटल्यातील बारा जणांची शिक्षा रद्द केली. राज्य शासनाने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. त्यानंतर दहाच दिवसांनी विशेष न्यायालयाने मालेगावच्या २९ सप्टेंबर २००८ च्या स्फोटातील सात आरोपींना निर्दोष सोडले. कोणत्या निकालाने आनंद व्हावा आणि कोणत्या निकालाने दुःख, हे आरोपीचा धर्म पाहून ठरविणे हीच जातीयवादाची व्याख्या होय. नागरी विवेक दोन्ही ठिकाणी एकच प्रश्न विचारतो : तपास इतका कच्चा का राहिला आणि मृतांच्या कुटुंबांना न्याय कोण देणार?

खांडबाऱ्याच्या संदर्भात

या चर्चेला नंदुरबार जिल्ह्यात वेगळे परिमाण लाभते. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. जिल्ह्यातील चारही विधानसभा मतदारसंघ आणि लोकसभेचा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील खांडबारा हे गाव नवापूर तालुक्यात, म्हणजेच अनुसूचित क्षेत्रात येत असल्याने तेथील सरपंचपदही राखीव असते. आदिवासींवरील ऐतिहासिक अन्यायाचे परिमार्जन म्हणून ही व्यवस्था सर्वथा न्याय्य आहे. तिचा एक परिणाम असा की येथील बिगर-आदिवासी मुसलमान, बिगर-आदिवासी हिंदूप्रमाणेच, 'आपला माणूस' विधानसभेवर पाठविण्याची भाषा बोलू शकत नाही. त्याला शाळा, रस्ता, पाणी वा सुरक्षिततेचा प्रश्न दुसऱ्या समूहातून निवडून आलेल्या प्रतिनिधीपुढे नागरिक म्हणूनच मांडावा लागतो.

जळगाव जिल्ह्यातील सातपुड्याच्या पायथ्याचे तडवी भिल्ल हे उदाहरणही उद्बोधक आहे. धर्माने मुसलमान असलेला हा समाज अनुसूचित जमातीत मोडतो. कारण अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात असलेली धर्माची अट जमातींना लागू नाही. एकच व्यक्ती येथे आदिवासी, मुसलमान व खानदेशी असते. तिचे प्रतिनिधित्व केवळ धर्माच्या नावे करू पाहणारा कोणताही दावा अपुरा ठरतो.

निष्कर्ष

१. दलवाईंचे सामर्थ्य प्रतिनिधित्वाचा दावा नाकारण्यात आहे. जनाधार नसणे हा त्यांच्यावरील आक्षेप वस्तुतः त्यांच्या भूमिकेचे वर्णन आहे.

२. त्यांची मर्यादा समूहवाचक विधानांत आहे. 'इंधन' व १९६६ चा मोर्चा ही मर्यादा ओलांडतात, म्हणून दलवाईंचे अध्यापन निबंधांपुरते सीमित ठेवू नये.

३. जात, व्यवसाय व मागासलेपण यांचा विचार केल्यावाचून कायदेविषयक सुधारणेची मागणी एकांगी राहते.

४. अतिरेकवादाचा निषेध आणि निर्दोषांचे रक्षण ही एकाच नागरी कर्तव्याची दोन अंगे होत.

दलवाईंना निधन पावून जवळपास अर्धशतक होत आले. या काळात त्यांचे स्मारक करणारे पुष्कळ झाले आणि त्यांना नाकारणारेही पुष्कळ. त्यांच्या लेखनाशी बरोबरीच्या नात्याने वाद घालणारे मात्र थोडे आहेत. चिकित्सकाचा खरा सन्मान त्याची चिकित्सा करण्यातच असतो.