जात की चारा?

गवत कसे पचते हे वर्गात सांगायची वेळ आली की फळ्यावर गाय येते. चार कप्प्यांचे जठर, रवंथ, पहिल्या कप्प्यातले जीवाणू, सारे व्यवस्थित समजावून होते. मग मागच्या बाकावरून प्रश्न येतो : घोडाही गवतच खातो, तो रवंथ का करत नाही? "त्याचे पोट वेगळे असते" एवढ्यावर हा प्रश्न मिटवू नये असे आम्हांला वाटते. घोड्याच्या आतड्यांतील जीवाणूंविषयीच्या एका गाजलेल्या शोधनिबंधाची चिकित्सा येथे करायची आहे. त्यासाठी आधी ते वेगळे पोट पाहू.

घोड्याचे जठर एकच, आणि एवढ्या मोठ्या अंगाच्या मानाने लहान, ८ ते १५ लिटरचे. सेल्युलोज फोडणारी विकरे त्याच्याजवळ नाहीत. ती गाईजवळही नाहीत. दोघांनाही हे काम जीवाणूंकडूनच करून घ्यावे लागते. गाय ते लहान आतड्याच्या आधी करून घेते, घोडा नंतर. त्याचे आंधळे आतडे सुमारे १ मीटर लांब असते आणि त्यात २५ ते ३० लिटर ऐवज मावतो. तेथे आणि त्यापुढच्या मोठ्या आतड्यात गवताचा चोथा आंबतो. त्यातून ॲसेटिक, प्रोपिऑनिक, ब्यूटिरिक ही आम्ले तयार होऊन रक्तात शोषली जातात. चरणाऱ्या घोड्याची निम्म्याहून अधिक ऊर्जा या आम्लांतून येते. तोटा एवढाच की, वाढलेले जीवाणू गाईप्रमाणे पुढे लहान आतड्यात पचवता येत नाहीत. त्यांतली बरीचशी प्रथिने लिदीबरोबर निघून जातात.

या जीवाणूंची घडी नाजूक असते. गवतावरच्या घोड्याला एकाएकी भरपूर चंदी घातली तर न पचलेले पिष्ट मागच्या आतड्यांत उतरते, लॅक्टिक आम्ल करणारे जीवाणू माजतात आणि जनावर पोटशुळाने लोळू लागते, कधी खुरांच्या दाहाने लंगडते. नवजात शिंगरू पहिल्या काही आठवड्यांत आईची लीद खाते. ती खोड समजून त्याला हटकू नये. जीवाणूंचे विरजण त्याला मिळण्याचा तो एक मार्ग आहे.

आता निबंधाकडे वळू. जेसिका मेटकाफ आणि सहकाऱ्यांचा हा निबंध २०१७ साली 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात आला. मंगोलियातील प्रझेवाल्स्की घोडे (तेथील भाषेत 'तखी') आणि शेजारच्याच गवताळ प्रदेशात पशुपालकांच्या कळपांत चरणारे देशी मंगोल घोडे यांच्या लिदीची त्यांनी तुलना केली. सर्व जीवाणूंत आढळणाऱ्या एका जनुकाचा क्रम वाचून लिदीत कोणकोण आहे याची यादी केली. लिदीतच सापडणाऱ्या वनस्पतींच्या डीएनएवरून कोणी काय खाल्ले हेही तपासले. तखींच्या लिदीतला जीवाणूंचा समुदाय वेगळा निघाला आणि त्यात विविधताही अधिक आढळली. यावरून, माणसाळण्याने आणि बंदिवासाने प्राण्याच्या पोटातली जीवाणूसृष्टी पालटते, असा निष्कर्ष मांडला गेला.

निबंध चांगला आहे. खाल्लेल्या चाऱ्याची तपासणी लिदीवरूनच करण्याची कल्पना तर वर्गात आवर्जून सांगावी अशी आहे. पण त्याचे जे सार सहज तोंडी बसते, "रानटी जातीचे जीवाणू श्रेष्ठ, पाळीव जातीचे निकृष्ट", ते या पुराव्यातून निघत नाही.

पहिली अडचण तुलनेची. दोन्ही गटांची जात वेगळी, कळपाची रीत वेगळी, माणसाचा सहवास वेगळा. आणि लेखकांनीच दाखवल्याप्रमाणे खाल्लेल्या वनस्पतीही वेगळ्या. फरकाचा काही भाग चाऱ्यामुळे असावा असे ते स्वतः लिहितात. उरलेला भाग जातीच्या नावावर टाकायला मग आधार कोणता? शिवाय मंगोल घोडा 'पाळीव' म्हटला तरी आपल्या डोळ्यांपुढे येतो तसा तबेल्यात बांधलेला नसतो. तो बारा महिने उघड्यावर चरतो. तेव्हा माणसाळण्याचा परिणाम मोजायला निवडलेला हा गट मुळात निम्मा मोकळाच आहे.

दुसरी अडचण नंतर उभी राहिली, तिचा दोष लेखकांवर येत नाही. कधीही न माणसाळलेला एकमेव जिवंत घोडा म्हणून तखीची निवड झाली होती. २०१८ साली 'सायन्स'मध्ये आलेल्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासाने सांगितले की, तखी हे सुमारे ५,५०० वर्षांपूर्वी उत्तर कझाकस्तानात बोताई येथे माणसांनी पाळलेल्या घोड्यांचे वंशज आहेत, पुन्हा रानात गेलेले. गंमत अशी की, या अभ्यासाची धुरा वाहणारे लुडोविक ऑर्लांडो २०१७ च्या निबंधाचेही एक लेखक आहेत. बोताईचे घोडे खरोखर पाळीव होते का, यावर २०२१ मध्ये पुन्हा आक्षेप घेतला गेला. वाद मिटलेला नाही; पण 'कधीही न माणसाळलेला' हे विशेषण निर्धास्तपणे लावण्याचे दिवस गेले.

तिसरी गोष्ट मोजमापाची. लिदीतले जीवाणू मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाशी बरेच जुळतात, आंधळ्या आतड्याशी तितके नाहीत. आणि यादी मोठी म्हणजे पचन चांगले, हे गृहीत धरता येत नाही. हजेरीपटावर नावे किती, यावरून वर्गात अभ्यास किती झाला हे जसे कळत नाही, तसेच हे. चोथा किती पचला हे जोडीने मोजल्याशिवाय 'श्रेष्ठ' हा शब्द वापरता येणार नाही.

आमच्या मते निबंधातला सर्वांत मोलाचा भाग चार घोड्यांचा आहे. अभ्यासलेल्या तखींपैकी चार युरोपातील प्राणिसंग्रहालयांत जन्मलेले होते. त्यांच्या लिदीतली विविधता फ्रान्स आणि मंगोलियातील राखीव रानांत जन्मलेल्या तखींपेक्षा ठळकपणे कमी निघाली. जात तीच, रक्त तेच, तरी जीवाणू वेगळे! चार हा आकडा लहान आहे हे खरे, पण येथे जात कायम ठेवून जन्मस्थान बदललेले आहे. म्हणजे दोन जातींच्या तुलनेपेक्षा ही तुलना अधिक स्वच्छ आहे, आणि ती जातीपेक्षा जगण्याच्या रीतीकडे बोट दाखवते.

देशी जातींच्या संवर्धनात यामुळे फरक पडतो. तखी जगातल्या रानांतून नाहीसा झाला होता. प्राणिसंग्रहालयांत उरलेल्या मोजक्या घोड्यांपासून त्याची पैदास झाली आणि १९९२ पासून तो मंगोलियात परत सोडला गेला. वंशावळीची वही काटेकोर ठेवल्यामुळे वंश वाचला. पण शिंगराला आईच्या लिदीतून आणि कुरणातून मिळणाऱ्या जीवाणूंची वही कोणी ठेवत नाही.

आपल्याकडे भीमेच्या खोऱ्यातला भीमथडी घोडा धनगरांच्या वाड्याबरोबर बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरतो. अलीकडे त्याला स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदही मिळाली. उद्या त्याच्या पोटातले जीवाणू 'खास देशी' असल्याची बातमी आली, तर वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना एकच काम द्यावे : ही गोष्ट तपासण्यासाठी घोड्यांचे गट पाडा. वाड्याबरोबर चालणारे भीमथडी आणि तबेल्यात चंदीवर वाढलेले भीमथडी, हे दोन बहुतेकांना सुचतात. त्याच तबेल्यातला, तीच चंदी खाणारा परक्या जातीचा घोडा हा तिसरा, थोड्या विचाराने सुचतो. चौथा गट मात्र कागदावर मांडणे सोपे आणि मिळवणे अवघड. परक्या जातीचा किमती घोडा वर्षभर धनगरांच्या वाड्यामागे चालवायला कोणता मालक देईल?