निनावी चालींचे धनी

भजनात गायकाचा ताल क्षणभर डळमळला, तर जाणता पखवाजी त्याला उघडा पडू देत नाही. हलकेच ठेका सावरून समेवर आणून सोडतो. श्रोत्यांना पत्ताही लागत नाही. या मूक सावरण्यालाच आपण ‘साथ’ म्हणतो. संगणक आता लोकसंगीतात साथीला बसू लागला आहे, असे कानी येते. त्याची पारखही याच कसोटीवर व्हावी, असे आम्हांस वाटते. त्यासाठी ‘लेट्स हॅव अनदर गन अनिम’ ही २०१८ सालची आयरिश संगीताची ध्वनिमुद्रिका उत्तम उदाहरण आहे.

‘गन अनिम’ म्हणजे नाव नसलेली. ज्या चालीचे नाव वादकांस ठाऊक नसते, तिला आयर्लंडात असे म्हणतात. बॉब स्टर्म, ओदेद बेन-ताल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ च्या सुमारास एक संगणकप्रणाली सिद्ध केली व तिला सुमारे २३,००० चालींच्या लिखित नोंदी शिकविल्या. या नोंदी इंग्रजी अक्षरांच्या सुटसुटीत स्वरलिपीत आहेत. म्हणजे यंत्राने फिडल वा बासरी ऐकलेली नाही. कोणत्या अक्षरामागून कोणते अक्षर यावे, एवढेच ते शिकले. त्याने रचलेल्या चालींतून लंडनचे वादक डॅरन बनार्से यांनी निवड केली, काही स्वर पालटले आणि पारंपरिक चालींच्या जोडीने त्या मुरलेल्या वादकांकडून वाजवून घेतल्या.

चाली बेतशीर आहेत, हे मान्य केले पाहिजे. दोन भागांची बांधणी, त्यांची पुनरावृत्ती, अखेरीस स्वरांचे घरी परतणे, सारे यथास्थित आहे. परंतु कान तृप्त होतो तो गजाच्या ओढीने, श्वासाच्या विरामाने आणि स्वरांवरील बारीक हरकतींनी. यांतील काहीही यंत्राने लिहिलेले नाही. चुकले तेथे सावरले वादकांनीच. साथ झाली ती माणसांनी यंत्राला दिलेली, यंत्राने माणसांना दिलेली नव्हे. ऐकून प्रत्युत्तर देणारी यंत्रे नाहीत असे नाही. जॉर्ज लुईस यांची ‘व्हॉयेजर’ ही प्रणाली १९८० च्या दशकापासून वादकांसमवेत मैफलीत बसत आली आहे. मात्र प्रस्तुत प्रयोगातील यंत्र ऐकणारे नव्हते.

पूर्वग्रह टाळावा म्हणून ही ध्वनिमुद्रिका समीक्षकांकडे तिचे मूळ न सांगता पाठविण्यात आली. शास्त्रीय प्रयोग म्हणून हेतू समजण्यासारखा असला, तरी लोकसंगीतात ते आम्हांस रुचले नाही. येथे चालीला कर्ता नसतो, पण ‘ही अमक्याकडून घेतली’ असे सांगण्याची रीत असते. निनावी असणे वेगळे आणि नाव झाकणे वेगळे. शिवाय त्या हजारो नोंदी वादकांनी वर्षानुवर्षे एकमेकांसाठी लिहून ठेवल्या होत्या. यंत्राची विद्या ही त्या समाजाचीच ठेव होय. मानाचे पान प्रथम त्यांना वाढावयास हवे.

यातून माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या घराण्यांनी घ्यावयाचा धडा निराळाच आहे. यंत्र शिकते ते नोंदलेलेच. महाराष्ट्रात हेमा राईरकर व गी पॉयतवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, म्हणून त्या उरल्या. आपल्या आज्या ज्या चालींवर ओव्या व मंगळागौरीची गाणी म्हणत, त्यांत माळवी वळणे नकळत मिसळली होती. त्यांची नोंद किती घरांत आहे? आमच्याच घरी शब्दांची वही आहे. चाल मात्र ती म्हणणारीबरोबरच गेली. यंत्र उद्या त्या शब्दांना बेतशीर चाल लावूनही देईल. पण ती आजीची नव्हे, हे ओळखणारा कान तेव्हा घरात असावयास हवा. म्हणून ज्यांच्या घरी अजून कोणी वडीलधारी गाते, त्यांनी या श्रावणात तिच्याजवळ बसावे, तिची चाल ध्वनिमुद्रित करावी आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तिच्या सुरात आपलाही सूर मिळवावा.